सॅन्टनचा डाव

१

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली, जेवण झालं, की मी सॅन्टनकडे वाघ-बकरी खेळायला जायचो. हा नेम कधी पडला ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं. मी क्लेमेंट, वसईच्या शाळेतला मास्तर. तो केळीची वाडी करणारा. दोघंही सांडोर गावचे. आमच्या घरांच्या मध्ये त्याची वाडी आणि वाडीला पाणी पुरवणारं बावखल, ते शेवाळलेलं जुनं तळं, एवढंच अंतर होतं.

सॅन्टनच्या ओटीवर एक बाकडं होतं. त्याच्या फळीवर त्याच्या बापानं कोयत्याच्या टोकानं पट कोरला होता. सुपाऱ्या म्हणजे वाघ, चिंचोके म्हणजे बकऱ्या. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघानं बकरीवरून उडी मारली की बकरी मेली, आणि बकऱ्यांनी वाघाला सगळीकडून कोंडलं की वाघाचा खेळ संपला. वाघ नेहमी माझे असायचे.

सॅन्टन फार रेंगाळत खेळायचा. एका चिंचोक्यावर बोट ठेवायचा, उचलता उचलता थांबायचा, दुसऱ्यावर ठेवायचा, मान हलवायचा, पुन्हा पहिल्याकडे यायचा. बकरी मेली की "गेली रे बापुडी" म्हणून हळहळायचा, जणू गोठ्यातलं जनावरच गेलं. तो विचार करत असे तेवढ्या वेळात मी डोळे मिटून घ्यायचो. आठवडाभर पोरांवर ओरडून घसा बसलेला असे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरी परतून करायचं काही नसे. लढाई संपली, स्वराज्य आलं, रेशनच्या रांगा तेवढ्या राहिल्या. मला तर सगळ्याचाच शीण आला होता. आठवड्यात मला खरी विश्रांती मिळे ती सॅन्टनच्या त्या रेंगाळण्यात.

स्वराज्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याअखेर त्याला मुदतीचा ताप आला. मुंबईच्या दवाखान्यात नेला. तापाच्या खोलीत घरच्यांना सोडत नसत. त्याची बायको कार्मिन दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आली, आणि मग गेलीच नाही, कारण बैल, रहाट आणि वाडी तिच्या एकटीच्या गळ्यात पडली होती. केळी सोलून सुकेळी वाळत घालायचे दिवस आले तेव्हा तो घरी परतला.

२

तो आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी गेलो. डोक्यावरचे केस काढलेले, गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. मला बघून तो हसला.

"ये मास्तर, बस."

आवाज त्याचाच. पट मांडून ठेवला होता. मी माझ्या सुपाऱ्या लावल्या, त्यानं पहिला चिंचोका ठेवला, मी वाघ हलवला आणि सवयीनं डोळे मिटले. मिटले न मिटले तोच 'टक्' असा आवाज आला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. तुझी पाळी."

मी पाहिलं. बकरी जिथं ठेवायला हवी तिथंच होती. मी वाघ हलवला. पुन्हा टक्. त्याचं बोट एकदाही रेंगाळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की तो पटाकडे बघतच नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी एक बकरी मारली. तो काही बोलला नाही. आणखी एक मारली. तो गप्प. त्यानं मला बकऱ्या एकामागून एक मारू दिल्या, आणि प्रत्येक बकरीच्या जागेमागे आणखी एक येऊन बसली. शेवटी माझ्या वाघांना पाऊल टाकायला घर उरलं नाही.

"दवाखान्यात कोणी होतं का रे खेळायला?" मी विचारलं.

"नाय."

"मग दिवस कसे काढलेस?"

"बघत होतो."

"काय बघत होतास?"

"मानसं," तो म्हणाला. "आपापल्या खाटेवर असतात. नीट दिसतात."

घरी येताना मी मनाची समजूत घातली. तापातून उठलेला माणूस बदलतोच. शाळेत मी पाहिलं होतं. आजारपणात महिनाभर छताकडे बघत पडलेला मठ्ठ पोरगा उठतो तो कधीकधी वेगळाच उठतो. सॅन्टनचं डोकं ताळ्यावर आलं एवढंच. तरी त्या दिवशी मला विश्रांती मिळाली नाही, आणि सोमवारी वर्गात उभं राहवेना.

३

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. मग एकदा मिस्सेनंतर कार्मिन गल्लीतल्या क्रुसापाशी माझी वाट बघत उभी दिसली. ती मुळात भरल्या अंगाची बाई, पण गळ्यातली पोत सैल झाली होती.

"मास्तर, एक विचारू? तो तुमच्याशी कसा खेळतो?"

"चांगला खेळतो. हल्ली मीच हरतो."

"तसं नाय. पूर्वीसारखा खेळतो का?"

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. ती खाली बघत बोलू लागली.

"त्याला सगळं येतं, मास्तर. वाडीत जातो, बैल जुंपतो, देवळात येतो. पन आधी मी करते, मग तो करतो. क्रूसाची खून मी केली की तो करतो. परवा जेवताना बघितलं, भात कालवतो तो माझ्यासारखा. माशाचा काटा काढतो तोपन माझ्यासारखा, दोन बोटांनी. सॅन्टन असा कधी जेवला? तो तर सगळं ताट विस्कटून जेवायचा."

"आजारी माणूस आहे, कार्मिनबाय. बायकोकडे बघून करतो. लहान मूल होतं माणसाचं."

"फादरपन हेच म्हनाले. देवानं नवरा परत दिला, आभार मान म्हनाले. मानते मी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन खेळ मी कधी खेळले नाय. खेळ त्याला माझ्याकडून घेता येनार नाय. तो त्याचा त्याचाच असेल ना? म्हनून तुम्हाला विचारते. तो सॅन्टनच असला तर राहीन मी. कितीपन सेवा करीन. आनि तुम्ही नाय म्हनालात तर उद्या आगाशीला आईकडे जाईन."

एवढी मोठी गोष्ट तिनं माझ्यासमोर ठेवली ती पाट्यावर हळद ठेवावी इतक्या सहज. तिच्यात रडायचंसुद्धा त्राण नव्हतं. सकाळपासून रहाट हाकून आली असावी, पायांना ओला चिखल होता.

"मला आणखी एक रविवार दे," मी म्हणालो.

४

त्या दुपारी मी मुद्दाम सावकाश खेळलो. कार्मिन आत होती. मांडवावर सुकेळी वाळत होती, त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. मी एक बकरी मारली आणि चिंचोका हातात धरून म्हणालो, "हल्ली तुला बकऱ्यांची दया येत नाही वाटतं. पूर्वी किती हळहळायचास."

त्यानं माझ्या हातावरची नजर उचलून माझ्या तोंडावर आणली.

"कसा?"

"कसा म्हणजे? म्हणायचास की, गेली रे बापुडी."

"पुन्हा सांग."

मला हसू आलं नाही. "गेली रे बापुडी," मी म्हणालो. माझ्या बोलण्यात सॅन्टनचा तो उसासा काही आला नाही. मला ती नक्कल जमत नसे. तो माझ्या ओठांकडे बघत होता, बहिरा माणूस बघतो तसा.

"आनि हात?"

"कुठला हात?"

"त्या वेळी हात कुठं असायचा?"

मी सांगितलं. का सांगितलं ते मला आजही कळत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, ही मास्तराच्या हाडात गेलेली खोड असावी. एक बोट चिंचोक्यावर, मग दुसऱ्या चिंचोक्यावर, मग मान अशी. त्यानं तेव्हा काहीच करून दाखवलं नाही. टक् करून त्याची बकरी ठेवली आणि माझा शेवटचा वाघ कोंडला.

कार्मिननं चहा आणून ठेवला, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. कुणी स्वतःच्या सवयी विसरला तर त्याला आजारी म्हणतात; त्या परत शिकू लागला तर बरा होतोय म्हणतात. मी स्वतःला हे वाडीतून जाताना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं.

५

नाताळच्या आधीच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. घरात बसवेना. गल्लीनं न जाता बावखलाच्या काठानं, केळींमधून गेलो. ऊन चांगलंच होतं. केळीची पानं हलतसुद्धा नव्हती, आणि रहाट बंद असल्यामुळे वाडीत चिडीचूप होतं.

ओटी दिसायच्या आधी मला आवाज ऐकू आला.

"गेली रे बापुडी."

मी जागच्या जागी थांबलो. आवाज माझा होता.

माझा घसा बसतो तेव्हा जसा खरखरतो तसाच. क्षणभर मला खरंच वाटलं की मीच बोललो. मग पुन्हा, "गेली रे बापुडी." या वेळी किंचित खाली. पुन्हा, आणखी खाली. पुन्हा. कोणी वाद्य लावत असावं तसा तो आवाज माझ्यापासून सरकत सरकत गेला, आणि एका खेपेला, त्या उसाशासकट, नेमका सॅन्टनचा झाला. मग तो तेवढ्यावरच थांबला आणि तसाच म्हणत राहिला.

मी केळीच्या एका खुंटामागून पाहिलं. तो बाकड्यापाशी एकटा बसला होता. बोट एका चिंचोक्यावर, मग दुसऱ्यावर. मान हलली. बोट परत पहिल्यावर आलं. सगळं बरोबर होतं. फक्त चेहऱ्यावर काही नव्हतं. दुःख नाही, कंटाळा नाही, मन लावून काम करणाऱ्याच्या कपाळावर येते ती आठीही नाही. भाडेकरू यायच्या आधी घर झाडून-सारवून रिकामं ठेवतात, तसा तो चेहरा होता.

मग तो उठला. बाकड्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि माझ्या जागेवर बसला. खांदे पाडले. पाठ भिंतीला टेकवली, मान थोडी मागे टाकली आणि डोळे मिटले. खालचा ओठ जरा सुटला.

मी डोळे मिटून कसा दिसतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. फार थकलेला दिसतो.

मी आल्या वाटेनं परत गेलो. पाय वाजू नयेत म्हणून वहाणा हातात घेतल्या होत्या, हे घरी पोचल्यावर कळलं.

६

त्यानंतरचे रविवार मी गेलो नाही. ताप असल्याचा निरोप पाठवला. नाताळातही घरीच राहिलो. मी दार लावून बसायचो आणि सॅन्टन आठवायचा प्रयत्न करायचो, तापाच्या आधीचा. लहानपणी बावखलात पोहताना तो कसा ओरडायचा ते आठवत होतं, पण तो आवाज कानात आणायला गेलो की केळीतून ऐकलेला आवाज यायचा. 'गेली रे बापुडी' तर आता मला दुसऱ्या कुठल्या आवाजात ऐकूच येईना.

एका संध्याकाळी शाळेतून आलो तर कार्मिन माझ्या पायरीवर बसली होती. उठली नाही.

"तुम्ही येत नाय, मास्तर."

"कार्मिनबाय, तू विचारलं होतंस ना? मी सांगतो. तो..."

"नको." तिनं हात वर केला. "ते राहू दे. ते मला कळलं. मी आगाशीला गेले होते आईकडे. संध्याकाळी तो आला न्यायला. आईनं त्याला जेवायला वाढलं. आधी आईला तो कधी आवडला नाय. आता आवडला. म्हनाली, जावई सुधारला. काय सांगनार तिला?"

मी तिच्याजवळ पायरीवर बसलो.

"तुम्ही आलात की तो तुमच्याकडून घेतो," ती म्हणाली. "नाय आलात की मला विचारतो. चुलीपाशी येऊन बसतो आनि विचारतो. सॅन्टन कसा चालायचा. सॅन्टन तुला काय म्हनून हाक मारायचा. लग्नात कुठल्या बाजूला उभा होता. चांगल्या शब्दांत विचारतो, कधी ओरडत नाय. मी सांगते. नाय सांगितलं तर तो थांबतो, जात नाय. मग मी सांगते. आनि सांगितलं की ते जातं, मास्तर."

"जातं म्हणजे?"

"माझ्याकडून जातं. लग्नाचं सांगितलं, तर आता लग्न आठवायला गेले की तिथं हाच उभा." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही येत जा. आठवड्यातली एक दुपार तरी मला गप्प बसू द्या. मी फार दमले."

मला नाही म्हणता आलं नाही. तिला सोडायला मी क्रुसापर्यंत गेलो. तिथं क्रूसाची खूण करता करता तिनं अर्ध्यातच हात थांबवला.

"त्याच्यासाठी मिस्सा सांगायची आहे," ती म्हणाली. "फादर विचारतील, जिवंतासाठी की मेलेल्यासाठी. काय सांगू?"

मी मास्तर. पोरांचे प्रश्न सोडवण्यात जन्म गेला. मी तिला म्हणालो, "दोन्ही सांग," आणि मान फिरवली.

७

रविवारी मी गेलो.

"ये मास्तर, बस," तो म्हणाला. "ताप उतरला?"

पट मांडलेला होता. मी वाघ हलवला. त्याचं बोट एका चिंचोक्यावर आलं. थांबलं. दुसऱ्यावर गेलं. मान हलली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं; आता तिथं काळजी होती, लहानशी, सॅन्टनची. त्यानं पटावर इतका वेळ घेतला की माझे डोळे आपोआप मिटले. मनाविरुद्ध मिटले. अंग सैल पडलं. कितीतरी आठवड्यांत मला मिळाली नव्हती ती विश्रांती पायांपासून वर चढत आली, आणि मी ती येऊ दिली.

मी बकरी मारली. "गेली रे बापुडी," तो हळहळला.

तो डाव मी जिंकलो. दुसराही जिंकलो. ओटीच्या दारापाशी कार्मिन चौकटीला टेकून बसली होती, मांडीत निवडायच्या तांदळाचं सूप. तिची मान हळूहळू कलली, सूप मांडीवरून घसरलं, तरी तिला जाग आली नाही. किती दिवसांची झोप होती कोण जाणे. तोंडावर माशी बसली होती, ती उडवायलासुद्धा तिचा हात उठला नाही.

त्यानं चिंचोके गोळा केले, पण पुन्हा मांडले नाहीत. माझ्याकडे वाकून, तिला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं विचारलं, "मास्तर, सॅन्टन कार्मिनशी कसा वागायचा?"

"तिलाच विचार."

"विचारलं. तिला आता आठवत नाय."

मला आठवत होतं. सॅन्टन माझा मित्र होता, पण खरं ते खरं. बायकोला त्यानं जन्मात पाण्याचा पेला उचलून दिला नाही. आजारी असली तरी चहा हवा म्हणून ओटीवरून ओरडायचा. एवढंच माझ्यापाशी उरलं होतं त्याचं, जे अजून कोणी विचारलं नव्हतं. ते सांगितलं असतं तर ते गेलं असतं, आणि उद्यापासून हा ओटीवरून ओरडला असता.

मी कार्मिनकडे बघितलं. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

"फार जपायचा," मी म्हणालो.

"कसा?"

"ती दमली की तिला उठवायचा नाही. तिच्या हातातलं काम स्वतः करायचा. चूल पेटवायचा, चहा करायचा, तिच्याजवळ आणून ठेवायचा. ओरडून कधी बोलला नाही. तिला काही विचारायचा नाही. रात्री तर मुळीच नाही. ती आपणहून बोलली तर ऐकायचा."

तो माझ्या ओठांकडे बघत होता. माझं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ बघत राहिला. खोटं ओळखता येतं का त्याला, हा विचार मनात आला. मग तो उठला. वाकून कार्मिनच्या मांडीवरून घसरलेलं सूप अलगद उचलून घेतलं, सांडलेले तांदूळ एक एक करून वेचले, आणि आत गेला. फुंकणीचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा आला. धूर ओटीवर येऊ लागला.

मी तेवढ्यात उठून जाऊ शकलो असतो. ओटीच्या पायऱ्या समोर होत्या, केळींमधून माझं घर दिसत होतं. मला उठवेना.

तो चहा घेऊन आला. कार्मिनजवळ पेला ठेवला, वर बशी झाकली. तिच्या गालावरची माशी हातानं उडवली. तिला जाग येणार नाही इतक्या हळू. मग माझ्यासमोर येऊन बसला, बाकड्यावर कोपरं टेकली, आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघू लागला.

"आनि मग?" त्यानं विचारलं.